फौजीच्या मुलाची शेवटची बदली

इंदापूर किंवा बारामती तालुक्यातला जवान पेन्शनवर घरी येतो, तेव्हा तो बहुधा पस्तिशी-चाळिशीत असतो. मुलं अजून शाळेतच असतात. बापासाठी शेत, भाऊबंद, पारावरची माणसं, सगळंच ओळखीचं. मग 'आपल्याच गावात पोराला रुळायला काय लागतंय?' असं घरच्यांना वाटतं. पोर मात्र या गावात आजवर सुट्टीपुरतंच आलेलं असतं.

'फौजीच्या पोरांना बदल्यांची सवय असते,' हा दुसरा समज. छावणीत ती सवय लागते, कारण तिथे सगळेच नवे असतात. केंद्रीय विद्यालयांची योजना १९६३ मध्ये सुरू झाली, तीच मुळी बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आणि जवानांच्या मुलांसाठी. देशभर अभ्यासक्रम एकच, दर वर्षी वर्गात नवे चेहरे, शेजारच्या क्वार्टरमध्ये कधी पंजाबी कुटुंब तर कधी तमिळ. भवानीनगर किंवा भिगवणकडच्या गावातली मुलं अंगणवाडीपासून एकमेकांना ओळखतात. तिथे नवं पोर एकटंच असतं. म्हणून ही बदली आधीच्या साऱ्या बदल्यांहून जड जाते, आणि नेमकी हिचीच कुणी दखल घेत नाही.

'घरी मराठीच बोलतो की!' हेही पुरेसं नसतं. बाई तोंडी गणित घालताना 'एकोणसत्तर' म्हणतात. पोराला 'सिक्स्टी नाइन' कळतं, हिंदीतलं 'उनहत्तर'ही कळतं, पण इथे पेन्सिल थांबते. गणित येतं, आकडा कळत नाही. अशा पोराला कच्चं ठरवणं हा अन्याय आहे. सीबीएसईची शाळा निवडली म्हणून मराठी टळत नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत ती सक्तीची आहे.

दाखल्याची धास्तीही अनाठायी. जुन्या शाळेकडून दाखला यायला उशीर झाला, तरी तेवढ्यावरून सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतचा प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ मधल्या कलम ५ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. अमेरिकेत तर सैनिकांच्या मुलांचे दाखले आणि विषय अडू नयेत म्हणून पन्नासही राज्यांनी आपसात करार केला आहे.

सगळ्यात नाजूक गैरसमज बापाबद्दलचा. 'आता बाप कायमचा घरी, मग काळजी कसली?' सीमेवरच्या पोस्टिंगला बायका-मुलांना सोबत नेता येत नाही. त्या काळात मुलानं पाहिलेला बाप रजेवर येणारा, लाड करणारा, पुन्हा ट्रंक भरून निघणारा. घराची शिस्त आईने लावलेली असते. तोच बाप आता रोज गृहपाठ तपासतो, मोबाइल काढून घेतो. पोर आईकडे पळतं, बाप दुखावतो. यात दोघांचाही दोष नाही. एका छपराखाली सलग राहायला दोघंही नव्याने शिकत असतात, आणि त्याला महिने लागतात.

'सैनिक स्कूल म्हणजे सैनिकांच्या मुलांची शाळा,' असंही इथे सर्रास ऐकू येतं. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ मध्ये सुरू झालं ते मुलांना एनडीएसाठी तयार करायला. तिथे कुणाच्याही मुलामुलींना सहावी आणि नववीसाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते; आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात, एवढंच. केंद्रीय सैनिक बोर्डाचं शिक्षण अनुदान मात्र हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना मिळू शकतं, आणि त्याचा अर्ज पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो.