टोचलेली सुई लपवू नका

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, कल्याणचं रुक्मिणीबाई की डोंबिवलीचं शास्त्रीनगर. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना ती बोटात घुसण्याचा धोका सगळीकडे सारखाच. रुग्ण बाधित आणि आपण लस न घेतलेले, तर एका टोचणीतून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत. एचआयव्हीची जेमतेम ०.३ टक्के. बोट पिळू नका, साबण-पाण्याने धुवा, लगेच वरिष्ठांना कळवा. एचआयव्हीप्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात.

मला जास्त काळजी वाटते ती सफाई कामगारांची. सुयांसाठीच्या पांढऱ्या डब्याऐवजी पिशवीत टाकलेली सुई त्यांच्याच हाताला लागते. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला, कंत्राटी असला तरी, हिपॅटायटिस बीची लस देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे.