चिखलदरा : ‘पॉइंट’च्या पलीकडचा मेळघाट

उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याचा पारा पंचेचाळिशीकडे झुकू लागला, की परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या घाटात मोटारींची रांग लागते. पावसाळ्यात धुके उतरले, धबधबे वाहू लागले की पुन्हा तीच गर्दी. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, हरिकेन पॉइंट, वेळ उरलाच तर गाविलगडाचा दरवाजा, येताना गवळ्यांकडचा ताजा खवा. बहुतेकांची चिखलदऱ्याची सहल या क्रमाने पार पडते. ‘विदर्भाचे नंदनवन’ पाहिल्याचे समाधान घेऊन पर्यटक परततो. ज्यांच्या डोंगरावर हे नंदनवन वसले आहे, त्या कोरकूंशी मात्र त्याची गाठ पडलेली नसते.

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास. एवढ्याशा या गावाभोवती चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांचा विशाल मेळघाट पसरलेला आहे. सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील हा मुलूख म्हणजे नावाप्रमाणेच घाटांचा मेळ. सिपना, खापरा, खंडू, गाडगा आणि डोलार या नद्या साग-बांबूच्या रानातून वाट काढत तापीला जाऊन मिळतात. चिखलदरा हा या मुलखाचा उंबरठा आहे. घर त्याच्या आत आहे.

कीचक, बहामनी आणि वेलस्ली

गावाच्या नावामागे महाभारतातील कथा सांगितली जाते. अज्ञातवासात विराटाच्या घरी सैरंध्री म्हणून राहणाऱ्या द्रौपदीला छळणाऱ्या कीचकाला भीमाने ठार केले आणि या दरीत फेकले. ती कीचकदरा, तिचेच पुढे चिखलदरा झाले. भीमाने हात धुतले ते भीमकुंड. जवळच असलेल्या वैराटचा संबंध विराटनगरीशी जोडला जातो.

कथेकडून इतिहासाकडे वळले, की गाविलगड समोर येतो. गवळ्यांच्या जुन्या मातीच्या गढीच्या जागी बहामनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये हा किल्ला बांधला, असे मानले जाते. पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीने तो बळकट केला. नागपूरकर भोसल्यांकडे असलेल्या या किल्ल्यावर दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीने मोर्चा वळवला. त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याने अवजड तोफा डोंगरातून ओढत उत्तरेच्या बाजूला आणल्या आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी किल्ला पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन भोसल्यांनी वऱ्हाडवरील हक्क सोडला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करता झाला. किल्ल्याच्या शार्दूल दरवाजावरील शिल्पे आजही पाहण्यासारखी आहेत. आज ‘पॉइंट’ पाहणारा पर्यटक ज्या चिखलदऱ्यात उतरतो, ते थंड हवेचे ठिकाण इंग्रजांच्या काळात उभे राहिले. कॉफीची लागवडही त्याच काळातली. महाराष्ट्रात कॉफी पिकणारा हा विरळा प्रदेश.

मुंडा कुळातील सर्वांत पश्चिमेची भाषा

कोरकूंचे वेगळेपण सर्वांत आधी त्यांच्या भाषेत जाणवते. आजूबाजूला मराठी आणि हिंदी. दक्षिणेकडील व पूर्वेकडील गोंडांची गोंडी द्रविड कुळातली. कोरकू मात्र या दोहोंतही बसत नाही. ती ऑस्ट्रो-आशियाई भाषाकुळाच्या मुंडा शाखेतील आहे. तिचे सख्खे नातेवाईक शेकडो मैलांवरच्या झारखंडात आहेत : मुंडारी, संथाली, हो. पाण्यासाठी आणि वाघासाठी या भाषांत असलेले शब्द आणि कोरकू शब्द ऐकताच हे नाते लक्षात येते. मुंडा शाखेतील सर्वांत पश्चिमेला बोलली जाणारी भाषा म्हणून भाषाशास्त्रज्ञांना तिचे अप्रूप आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे ‘माणसे’. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकांनी कोरकू ही आपली मातृभाषा असल्याचे नोंदवले.

या भाषेचा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता नाही. घरी कोरकू बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा समोरचे पुस्तक मराठीत असते आणि अनेकदा शिक्षकाला कोरकू येत नसते. दवाखान्यात आलेल्या आईला बाळाचे दुखणे परक्या भाषेत सांगावे लागते. शासनाच्या योजना गावापर्यंत पोहोचूनही घरात का पोहोचत नाहीत, याचे एक उत्तर या भाषिक दरीत आहे.

फगवा आणि मेघनाथ

परंपरेने कोरकू गावाची रचना ओळखू येते. मध्ये रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना एकमेकांकडे तोंड करून सरळ ओळीत उभी घरे. कुडाच्या भिंती शेणामातीने सारवलेल्या. मृतांच्या स्मरणार्थ सागाच्या फळीवर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरून ती गावाबाहेर उभारण्याची प्रथा आहे. या स्मृतिस्तंभाला मुंडा म्हणतात. गावाचे धार्मिक विधी आणि औषधोपचार ही भुमका, पडियार यांची कामे.

कोरकूंचा सर्वांत मोठा सण होळी. दिवाळीनंतर मजुरीसाठी दूर गेलेली कुटुंबे होळीला गावी परततात. पाच दिवस ढोल, बासरी आणि नाच. याच दिवसांत रस्त्यात आडवा बांबू धरून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे ‘फगवा’ मागितला जातो. शहरी चालकाला ही अडवणूक वाटण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात तो सणाचा हक्काचा वाटा आहे. गाडी थांबवावी, हसून चार पैसे द्यावेत आणि पुढे जावे. होळीनंतर काटकुंभ, जारिदा या भागांत मेघनाथाची यात्रा भरते. उंच खांब उभारून रावणपुत्र मेघनाथाची पूजा होते. दसऱ्याला रावण जाळणाऱ्या आपल्या समाजाला हे कोड्यात टाकणारे आहे. परंतु रावण व मेघनाथ यांना येथे दैवत म्हणून मान आहे, हे पाहुण्याने जाणून असावे.

जंगल कोणाचे?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी मेळघाटातील सागाची जंगले राखीव केली. रान जाळून केली जाणारी फिरती शेती बंद पडली आणि लाकूडतोडीला मजूर मिळावेत म्हणून वनग्रामे वसवण्यात आली. जंगलाचा रहिवासी जंगलखात्याचा मजूर झाला. १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. वाघाखेरीज रानगवा, अस्वल, सांबर यांचे हे माहेर. १८८४ नंतर कोणालाही न दिसलेला आणि नामशेष मानला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये नंदुरबार भागातील सातपुड्यात पुन्हा आढळला. त्याचा एक मोठा आसरा मेळघाटातच आहे, हे नंतर स्पष्ट झाले.

वाघ वाचवण्याचे हे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. त्याची किंमत मात्र सर्वांनी सारखी मोजलेली नाही. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड या गावांपासून प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून पुनर्वसन सुरू झाले आणि पुढे अनेक गावे उठली. काही कुटुंबांना सडक, वीज, शाळा जवळ मिळाली. काहींची शेती, पाणी आणि रोजगाराबाबतची आश्वासने अपुरी राहिल्याची तक्रार कायम राहिली. अकोट तालुक्यात वसवलेले ग्रामस्थ मूळ गावी परतले, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा वनकर्मचारी व पोलिसांशी संघर्षही झाला.

मेळघाटचे नाव शहरी वाचकाला ठाऊक आहे ते बालमृत्यूंमुळे. १९९३ च्या सुमारास हा प्रश्न राज्यभर गाजला आणि न्यायालयात गेला. त्याचे मूळ पावसाच्या वेळापत्रकात आहे. कोरडवाहू जमिनीत एकच पीक. जून ते सप्टेंबर या काळात घरातले धान्य संपलेले, नाले भरल्याने रस्ते तुटलेले, हिवताप-अतिसाराची साथ आणि आई दिवसभर शेतात. पर्यटकाला जे महिने सर्वांत रमणीय वाटतात, तेच येथील बाळांना सर्वांत जड जातात. कोदो-कुटकीसारखी पौष्टिक भरड धान्ये मागे पडून सोयाबीन आले, त्यानेही ताटातील सकसपणा घटला. बैरागड येथे अनेक दशके राहून रुग्णसेवा करणारे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. केवळ औषधाने कुपोषण हटत नाही, शेती आणि रोजगारही सुधारावा लागतो, हा त्यांच्या कामाचा धडा आहे.

आशेची उदाहरणे डोंगराच्या पायथ्याशीही आहेत. अचलपूर तालुक्यातील पायविहीर या छोट्या गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाले. ग्रामस्थांनी उजाड टेकड्यांवर पुन्हा झाडे उभी केली, सीताफळांची विक्री स्वतः सुरू केली आणि २०१४ मध्ये जैवविविधतेसाठीचा राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार मिळवला. हक्क मिळाला तर आदिवासी जंगल राखतो, हे या गावाने दाखवून दिले.

पाहुण्याने काय करावे?

मेळघाटात जाऊ नये, असा याचा अर्थ नाही. जावे ते पाहुणा म्हणून. माणूस हा ‘पॉइंट’ नव्हे. विचारल्याशिवाय कोणाचे, विशेषतः स्त्रिया व मुलांचे, छायाचित्र घेऊ नये. मुलांना चॉकलेटे वाटण्याची सवय लावू नये. रिसॉर्टच्या अंगणात फर्माईश करून नाच करवून घेण्यापेक्षा होळीच्या दिवसांत गावात जाऊन, बाजूला उभे राहून तो पाहावा. स्थानिक वाटाड्या घ्यावा, मध, आवळा, सीताफळ, खवा थेट उत्पादकांकडून घ्यावा. म्हणजे सहलीतील काही पैसा गावात राहतो. पाणी जपून वापरावे. मुसळधार पाऊस पडूनही काळ्या खडकाच्या तीव्र उतारावरून ते वाहून जाते आणि उन्हाळ्यात भोवतालच्या गावांना टँकरची वाट पाहावी लागते. हॉटेलातील नळ आणि गावातील कोरडी विहीर यांत काही किलोमीटरचेच अंतर असते.

कसे जाल?

जवळचे मोठे रेल्वेस्थानक बडनेरा. अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदऱ्याला एसटी बस व खासगी वाहनाने जाता येते. परतवाड्यापासून घाटाचा रस्ता सुमारे तीस किलोमीटरचा आहे. चिखलदऱ्याहून पुढे सेमाडोह आणि सिपनाकाठचे कोलकास ही जंगलातील मुक्कामाची ठिकाणे असून त्यांचे आरक्षण आधी करणे आवश्यक आहे. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते. जंगल आणि प्राणी पाहण्यासाठी हिवाळा व उन्हाळ्याचा आरंभ योग्य. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये टिपली जातात. तेव्हा पहाटे रानात दिसणारी टोपलीधारी माणसे वर्षाची मिळकत गोळा करीत असतात, त्यांच्या वाटेत गाडी उभी करू नये. वाटेत अनेक ठिकाणी मोबाइलचे नेटवर्क मिळत नाही. इंधन, औषधे आणि रोख रक्कम परतवाड्यालाच सोबत घ्यावी. हातात किमान दोन रात्री असाव्यात. पहिली चिखलदऱ्यासाठी पुरते, दुसरी मेळघाटासाठी राखून ठेवावी.