स्पंजाने आवाज अडतो का?

मोटारीतला घोंघाट कमी करण्यासाठी दारांच्या आत आणि पायांखाली स्पंज भरण्याची कल्पना अनेकांना सुचते. स्पंज स्वस्त, कात्रीने कापता येणारा. शिवाय ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भिंतींवर तोच तर लावलेला असतो! खटाटोप संपल्यावर मात्र गाडी जवळजवळ पूर्वीइतकीच घुमते. असे का व्हावे?

ध्वनिमुद्रणाच्या खोलीतला स्पंज बाहेरचा आवाज अडवण्यासाठी नसतोच. आतला आवाज भिंतींवरून परावर्तित होऊ नये, एवढेच त्याचे काम, आणि तेही त्याच्या जाडीवर अवलंबून. १००० हर्ट्झ वारंवारतेच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर, तर १०० हर्ट्झच्या ध्वनीची ३.४ मीटर असते. एवढ्या लांब तरंगापुढे एक सेंटिमीटर जाडीचा स्पंज असून नसल्यासारखाच.

आणि गाडीत बसलेल्याला शिणवतो तो प्रामुख्याने असलाच खालच्या पट्टीतला आवाज. टायरमधल्या हवेचेच उदाहरण घेऊ. लहान मोटारीत या हवेच्या कड्याचा परीघ सरासरी दीड मीटर भरतो. त्यात नेमकी एक तरंगलांबी मावेल अशा ध्वनीची वारंवारता ३४० भागिले १.५, म्हणजे सुमारे २२५ हर्ट्झ येते. रस्त्याच्या खडबडीतपणामुळे टायर सतत ठोकला जातो, ही हवा घुमते. ते कंप चाकातून सांगाड्यात आणि सांगाड्यातून तळाच्या पत्र्यात पोहोचतात. पत्रा मग ढोलाच्या पानासारखा वाजू लागतो. म्हणजे हा आवाज हवेतून नव्हे, तर पोलादातून आत आलेला असतो!

तेव्हा पत्र्यालाच गप्प करायला हवे. वर्गात हे सहज दाखवता येईल. स्टीलचे ताट काठाला दोन बोटांत सैल धरा आणि चमच्याने टोला द्या. ताट बराच वेळ घणघणेल. आता त्याच्या मागे लिंबाएवढा कणकेचा गोळा दाबून पसरा आणि पुन्हा टोला द्या. नुसते 'थप्प' ऐकू येईल. कणकेने आवाज झाकलेला नाही. ताटाबरोबर वाकता-ताणताना तिने कंपनांच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर केले. मोटारीत हेच काम डांबरमिश्रित किंवा ब्यूटाइल रबराचे चिकट तक्ते करतात. त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो तो शोभेसाठी नव्हे. त्या थरात आणि पत्र्यात रबर पकडले जाते, त्यामुळे ते अधिक घुसळले जाते. सगळा पत्रा मढवण्याची गरज नसते. बोटाने टकटक करून जिथे पोकळ, घुमणारा आवाज येतो, तेवढा भाग पुरतो.

हवेतून येणारा आवाज अडवायला वजन लागते. पडद्याचे दर चौरस मीटरला वस्तुमान दुप्पट केले, तर सिद्धांतानुसार सुमारे ६ डेसिबलची घट मिळते. पण पृष्ठभागाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तर ध्वनिऊर्जेचा शंभरावा भाग त्यातून आत येणारच. घट २० डेसिबलच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून जड पडदा विकत घेण्याआधी दाराचे रबर तपासावे. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. ती अलगद सुटली, तर तिथे फट आहे.

डेसिबलचे गणित इथे अनेकांना चकवते. टायरचा आवाज ७० डेसिबल आणि वाऱ्याचा ६० डेसिबल असेल, तर दोन्ही मिळून होतात ७०.४! वाऱ्याचा आवाज पूर्ण नाहीसा केला, तरी कानाला काहीच फरक जाणवणार नाही. म्हणून आधी मोठा स्रोत शोधायचा. काँक्रीटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर त्याच वेगाने आल्यावर आवाजाचा पोत एकदम बदलला, तर मुख्य गुन्हेगार टायर समजावा. मग दाराशी झटापट करण्याऐवजी तळ आणि चाकांवरच्या कमानी आधी हाती घ्याव्यात.

दारांचे काम करायचेच असेल, तर तळाशी असलेली पाणी निथळण्याची छिद्रे बुजवू नयेत. काचेवरून उतरणारे पावसाचे पाणी तिथूनच बाहेर पडते. दारात कोंबलेला साधा स्पंज हेच पाणी धरून ठेवतो, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात पत्रा आतून गंजू लागतो.