घागरींची रांग आणि हिवतापाचा परजीवी

मुलांनो, पाणीटंचाई आपल्या बोदवडकरांना काही नवी नाही. समजा, टँकर अरुंद गल्लीत शिरत नाही. मग आपण काय करतो? रांग करतो! टँकरपासून घरापर्यंत सगळे उभे राहतात आणि भरलेली घागर या हातातून त्या हातात जाते. मधलाच एकजण हात बांधून उभा राहिला तर? सगळंच अडलं!

अशीच एक रांग हिवतापाच्या परजीवीच्या पोटात असते. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. हा इतका लहान, की आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीत घर करतो. त्याच्या रांगेत घागरींऐवजी इलेक्ट्रॉन पुढे सरकतात आणि हातांऐवजी असतात प्रथिनं. रांगेतल्या एका प्रथिनाचं नाव सायटोक्रोम-बी. त्याला एक छोटीशी खोबण असते. इलेक्ट्रॉन आणणारा रेणू त्या खोबणीत बसतो आणि आपलं ओझं पुढे देतो.

अ‍ॅटोव्हाक्वोन नावाचं औषध नेमकं त्याच खोबणीत जाऊन बसतं. रांग थांबते, परजीवी मरतो.

पण परजीवीही काही कमी नाही! सायटोक्रोम-बी ३७६ मण्यांच्या माळेसारखं असतं. त्यातला २६८ वा मणी कधीकधी चुकून बदलतो. टायरोसीनच्या जागी सेरीन येतो. एकच मणी, पण खोबणीचा आकार बदलतो आणि औषधाला तिथे नीट बसता येत नाही. थायलंडमध्ये हे औषध एकटंच देऊन पाहिलं, तेव्हा साधारण तिघांपैकी एका रुग्णाचा आजार उलटला. म्हणूनच ते आता प्रोग्वानिल या दुसऱ्या औषधाच्या जोडीनं देतात.

बदललेल्या खोबणीत इलेक्ट्रॉनचं कामही मंदावतं. मग परजीवी जगतो कसा? याचं उत्तर २००७ मध्ये मिळालं. फिलाडेल्फियातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ अखिल वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की आपल्या रक्तात असताना परजीवीला ही रांग मुख्यतः एकाच कामाला लागते : डीएनएचा एक घटक तयार करायला. शक्ती तर त्याला आपल्या रक्तातल्या साखरेतून आयती मिळते! त्यामुळे रांग हळू चालली तरी त्याचं भागतं.

गंमत पुढेच आहे. डासाच्या पोटात अशी आयती साखर कुठली? तिथे रांग जोरात चालावी लागते. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी पाहिलं, की औषधाला दाद न देणारे असे परजीवी डासात शिरल्यावर वाढूच शकत नाहीत. म्हणजे औषधाला चकवलं, पण डासानं अडवलं! एका माणसात वाचलेला हा परजीवी दुसऱ्या माणसापर्यंत पोचणं फार कठीण.

पण म्हणून निर्धास्त राहू नका हं. सगळ्याच औषधांच्या बाबतीत असं घडत नाही. क्लोरोक्विनला दाद न देणारे परजीवी डासांमार्फत देशोदेशी पसरले. म्हणून थंडी वाजून ताप आला की आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यायचं. आणि ताप उतरला तरी गोळ्या अर्ध्यावर सोडायच्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या सगळ्या घ्यायच्या.

पालकांनो, टंचाईच्या गावात पाणी साठवावंच लागतं. पण हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनॉफेलिस डासाची एक जात अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालते. टाक्या आणि ड्रम घट्ट झाका आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा.

आणि बालमित्रांनो, या रविवारी मोठ्यांना सोबत घेऊन घरचा ड्रम तपासा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी दिसली तर ती अ‍ॅनॉफेलिसची. डोकं खाली करून तिरपी लटकत असेल तर दुसऱ्या डासाची. कोणतीही असो, पाणी लगेच फडक्यातून गाळून घ्या, ड्रम घासून कोरडा करा. अळीचा डास व्हायला आठवडा-दीड आठवडाच लागतो. तेवढ्यात तुम्ही तिला गाठायचं!