मागच्या सीटवरचं बटण

दहा नंबरचा पाना अर्धा वळसा फिरतो आणि बॅटरीचं काळं टोक सुटतं. काका ते बाजूला वाकवतात, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवतात आणि एर्टिगाच्या दाराशी येऊन नुसते उभे राहतात. ड्रायव्हरला घाई आहे. साडेतीनला त्याला शेणव्याहून पहिली पोरगी घ्यायची आहे.

"थांब रे. एअरबॅगची गाडी आहे, आतला करंट उतरू दे. चार मिनिटांनी तुझं काही बिघडत नाही."

स्टिअरिंगखाली डोकावलं की पिवळ्या वेष्टनातली एक वायर दिसते, तिचा कपलरही पिवळाच. ती एअरबॅगची. तिला हात लावायचा नाही, टेस्ट लॅम्पचं टोकसुद्धा नाही, हे इथल्या पोऱ्याला पाना धरायच्या आधी शिकवलेलं आहे.

वाशिंदला हायवेच्या कडेचा हा गाळा. वर पत्रा, पत्र्यावर श्रावणातली सर. समोरून नाशिककडे जाणारे कंटेनर पाणी उडवत जातात. लांबून कसारा लोकलचा भोंगा ऐकू येतो. माझ्या गाडीचा हॉर्न बंद पडलाय आणि तिचा नंबर या पिवळ्या पाटीच्या गाडीनंतर आहे. बाकावर बसायला जागा आहे, तरी मी दाराशी येऊन उभी आहे. इथे जे बसवलं जातंय त्याबद्दल ऐकलंय पुष्कळ, बसवताना पाहिलेलं मात्र नाही.

वस्तू दिसायला अगदी साधी. पत्त्यांचे दोन कॅट एकावर एक ठेवावेत एवढी काळी डबी आणि तिच्या एका अंगाला वायरींचा झुपका. गाळ्यावर सगळे तिला 'जीपीएस' म्हणतात, आरटीओच्या कागदावर ती 'व्हीएलटीडी'. गाडी कुठे आहे, किती वेगानं चाललीय हे ती उपग्रहांवरून ताडते आणि आतल्या सिमकार्डातून कळवत राहते. तिच्यासोबत लाल बटणं येतात. १ जानेवारी २०१९ पासून नव्यानं नोंद होणाऱ्या टॅक्सी आणि बसगाड्यांना ही डबी आणि हे बटण दोन्ही सक्तीचं झालं. तीनचाकींना त्यातून सूट मिळाली. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री चालत्या बसमध्ये एका मुलीवर जे ओढवलं, त्यानंतर प्रवासी गाड्यांमधल्या बायकांच्या सुरक्षिततेवर देश बोलू लागला आणि त्या बोलण्यातून हे बटण आलं. म्हणून मला ते नुसतं पासिंगचं कलम वाटत नाही.

या गाडीत मुलीच बसतात. शेणवे, किन्हवली, शहापूर, आसनगाव अशा करत करत सहाजणी गोळा होतात आणि पडघ्याच्या पुढे गोदामात कामाला जातात. मालावर पट्ट्या चिकटवायच्या, खोकी बांधायची. परतताना रात्रीचे साडेबारा-एक होतात. पावसाळ्यात किन्हवलीच्या रस्त्याला त्या वेळी दुसरी गाडी दिसणं मुश्कील. ड्रायव्हर चांगला माणूस आहे. मुलींच्या आयांचे नंबर त्याच्या फोनमध्ये आहेत. पण तो आजारी पडला की बदली माणूस येतो, हेही तोच सांगतो.

पुढच्या आठवड्यात पासिंग. जुनी डबी मेलेली, दिवाच लागत नाही. म्हणून नवी.

काका आता वाकतात. स्टिअरिंगखालचं पॅनल ते स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटत नाहीत. त्यांच्याकडे प्लॅस्टिकची चपटी पट्टी आहे, ती फटीत सारून हलकासा दाब देतात. टक्, टक् असे एकेक क्लिप सुटत जातात. पॅनल निघतं आणि डॅशबोर्डचं पोट उघडं पडतं. कापडी टेपनं गुंडाळलेला वायरींचा जाडजूड लोम, त्याला फुटलेल्या फांद्या, पांढरे-निळे-करडे कपलर. कंपनीचं काम किती नेटकं असतं, ते इथे दिसतं. आणि त्या नेटक्या लोममधून एका जागी लाल, काळी आणि पांढरी अशा तीन वायरी उपटसुंभासारख्या बाहेर आल्यात. सालटं सोलून, मूळ वायरीला पीळ मारून, वर साधी चिकटपट्टी. पट्टीचा गोंद उन्हाळ्यात वितळून काळा चिकट झालाय आणि पट्टी सुटून लोंबतेय.

"बघा ताई," काका टॉर्च माझ्या हातात देतात, "उजेड धरा इथे."

मी उजेड धरते. पिळाच्या जागी तांबं हिरवं पडलंय. बोटानं घासलं तर हिरवी पूड निघते आणि खाली तारेचे दोन-तीनच धागे शाबूत उरलेले दिसतात. काचेच्या खालच्या पन्हाळीत पानं अडकून पाणी तुंबतं, मग ते थेंब थेंब आत उतरतं, असं काका सांगतात. जुन्या डबीच्या पिनांवरही तोच हिरवा थर. डबी मेली ती यानं. पण त्याहून वाईट गोष्ट याच्या मागे आहे, आणि ती कळायला काकांनाही थोडा वेळ लागतो.

ते जुन्या डबीची प्रत्येक वायर बोटांनी चाचपत जातात. ही बॅटरीची, ही अर्थ, ही चावी फिरवल्यावर करंट येणारी. उरल्या दोन बारीक वायरी, बटणाच्या. त्या लोमबरोबर खाली उतरून दरवाज्याच्या पट्टीखालून मागे जायला हव्यात. त्या कुठेच जात नाहीत. वीतभर अंतरावर कापलेल्या आहेत आणि दोन्ही टोकं एकमेकांत पिळून टाकलीत.

काका टोकं हातात धरून बसतात. मग मागच्या दाराजवळच्या खांबावरचं लाल बटण ते पट्टीनं उचकून काढतात. बटणाच्या पाठीला दोन तुकडे लोंबतायत, कुठेही न जोडलेले.

"हे कोणी केलं?"

ड्रायव्हर सांगतो. गेल्या दिवाळीच्या आधी सारखा खोटा इशारा जायचा. खड्ड्यात चाक आपटलं की अलर्ट; कुणाकुणाचे फोन यायचे. एका ठिकाणी दाखवलं, त्यानं दहा मिनिटांत मिटवून दिलं. म्हणाला, आता त्रास होणार नाही.

"त्रास नाहीच होणार," काका म्हणतात. "बटण दाबलं तरी नाही होणार."

ते जे समजावून सांगतात ते मी इथे सविस्तर लिहिते, कारण अशा गाडीत बसणाऱ्या प्रत्येकीला ते ठाऊक असावं. घरातल्या दिव्याचं बटण दाबलं की सर्किट जुळतं. या बटणाचं उलट आहे. कुणी हात लावला नाही तोवर ते जुळलेलंच असतं. डबीतून निघालेला बारीकसा करंट बटणातून फिरून परत येतो आणि डबी समजते की सगळं ठीक आहे. दाबलं की सर्किट तुटतं, आणि तुटलं की डबी इशारा पाठवते. नियमातच बटण असं असावं म्हटलंय आणि त्यामागे विचार आहे. कुणी वायर कापायला गेला तर कापण्यानंच इशारा जावा. इथे कापणाऱ्यानं नेमकी तीच सोय हेरली. डबीजवळच दोन टोकं एकत्र पिळली, की करंट तिथल्या तिथे फिरून परत येणार. डबी कायम खूश. मागे लाल बटण दिसतंय, मुलींना धीर आहे, आणि ते बटण एका प्लॅस्टिकच्या टोपणापलीकडे काहीही नाही.

दिवाळीपासून श्रावणापर्यंत सहाजणी या गाडीतून रात्री घरी आल्यात. काही झालं नाही, हे खरं. पण मला राग येतो तो त्या दहा मिनिटांचा. खोटा इशारा का जातो हे शोधायला फार तर तासभर लागला असता. काका आता तेच करतात. ड्रायव्हरच्या सीटखालचा गालिचा उचलतात, वायरीचा मागचा तुकडा ओढत जातात आणि सीट बेल्टच्या बोल्टापाशी थांबतात. वायर बोल्टाखाली चेमटलीय. गाडी खड्ड्यात उतरली की बोल्ट तिच्यावर दाब देणार, क्षणभर सर्किट तुटणार. एवढंच होतं ते.

यापुढचं काम भराभर होतं. जुन्या वायरी पूर्ण काढायच्या, कंपनीच्या लोमला जिथे सोललंय तिथे साफ करून, पक्का जोड देऊन, स्लीव्ह चढवायची. नव्या डबीसाठी कंपनीची एकही वायर कापायची नाही. फ्यूज बॉक्समध्ये बसणारा टॅप काका वापरतात, मूळ फ्यूजही राहतो आणि नव्या लाइनला तिचा वेगळा फ्यूज मिळतो. करंट जिथून उचलला तिथेच फ्यूज हवा, हे ते पोऱ्याला चांगलं दोनदा सांगतात. फ्यूज डबीजवळ बसवला आणि मधली वायर पत्र्याला घासून उघडी पडली, तर फ्यूज उडणारच नाही, वायरच पेटेल. अर्थ पत्र्याच्या रंगावर नाही, रंग खरवडून बोल्टाखाली. चावी लावल्यावर येणारा करंट कुठल्या खान्यात आहे हे त्यांनी बॅटरी सोडण्याआधीच मीटर लावून बघितलं होतं आणि तिथे खडूची खूण केली होती.

डबी कुठे ठेवायची यावर मात्र थोडा वाद होतो. ड्रायव्हरला ती ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशी हवीय. काका नाही म्हणतात. मागे लोखंडी दांडी आहे; लोखंडाखाली आभाळ दिसत नाही. अँटेना डॅशबोर्डच्या वरच्या प्लॅस्टिकला आतून चिकटायला हवा, तोंड वर करून. प्लॅस्टिकमधून लहरी जातात, पत्र्यातून नाही. डबी पन्हाळीच्या थेंबांपासून लांब, उजव्या अंगाला, वायरींची तोंडं खाली. म्हणजे पाणी आलंच तर वायरीवरून ओघळून खाली पडेल, पिनांत शिरणार नाही.

बॅटरीचं टोक परत बसतं. मीटरवर १२.४. डबीवर लाल दिवा लागतो, दुसरा लुकलुकत राहतो. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला की जागा सापडली, पण तो स्थिर होत नाही. गाळ्याचा पत्रा आडवा येतोय. काका, पोऱ्या आणि ड्रायव्हर गाडी ढकलत पावसात नेतात. ढगांचा अडथळा होत नाही का, मी विचारते. "ढग चालतो," काका म्हणतात, "पत्रा नाही चालत." जागा ठरवायला किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. अशा डबीला अमेरिकेच्या जीपीएसबरोबर आपल्या 'नाविक'चेही संकेत घेता यावे लागतात. नाविक ही इस्रोची सात उपग्रहांची योजना. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. वाशिंदच्या पावसात भिजत उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ती सगळी मेहनत येऊन पोचते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

दिवा स्थिर होतो.

आता बटण. काका आधी डबीच्या कंपनीच्या माणसाला फोन लावून गाडीचा नंबर सांगतात, चाचणी घेतोय, घाबरू नका. मग माझ्याकडे बघतात. "ताई, तुम्ही बसा मागे. आम्ही दाबलं तर काय कळणार? बसणाऱ्या बाईचा हात पोचला पाहिजे."

मी मधल्या रांगेत खिडकीशी बसते, बेल्ट लावते. बटण खांदा न वळवता हाताला लागतं. त्याला उठावदार कडा आहे, नुसता धक्का लागून दाबलं जाऊ नये म्हणून. अंगठ्यानं मुद्दाम खोल दाबावं लागतं. दाबते. गाडीत काहीच होत नाही. आवाज नाही, दिवा नाही. आणि ते तसंच हवं. गाडी चालवणाऱ्याला कळता कामा नये. काकांच्या फोनच्या पडद्यावर मात्र गाडीचा नंबर लाल होतो, खाली वाशिंदचा नकाशा. आता गाडीतून काही करून हे थांबवता येत नाही. थांबवायचं तर ते तिकडूनच.

"डोळखांबच्या बाजूला रेंज नसते काका," ड्रायव्हर म्हणतो.

"डेटा नसला तर मेसेज जातो. अजिबात रेंज नसेल तर डबी नोंद धरून ठेवते, रेंज आली की पाठवते. पण तोवर उशीर होतो, हे खरंय. त्या रस्त्याला टॉवर पाहिजेत. ते तुझ्या-माझ्या हातात नाही." हे मलाही पटतं. खेड्यापाड्यांतून रात्री कामावर जाणाऱ्या मुलींची संख्या वाढतेय आणि रस्त्यांवरचे रेंजचे खड्डे तसेच आहेत. डबीची सक्ती करताना त्याचाही हिशोब मांडायला हवा.

ड्रायव्हर पैसे काढायला खिशात हात घालतो. घड्याळात तीन वाजून गेलेत. काका मात्र मागच्या दारातून आत वाकून तिसऱ्या रांगेकडे बघतायत.

"तिथे कोण बसतं?"

"ज्या नंतर चढतात त्या. आसनगावच्या दोघी."

काका मला तिसऱ्या रांगेत सरकायला सांगतात. मी पुढची सीट दुमडून आत जाते, बेल्ट लावते, हात लांब करते. बटण पुढच्या सीटच्या पाठीआड आहे. बेल्ट काढून, अर्धं उठून, पुढच्या बाईच्या खांद्यावरून वाकलं तरच पोचेल.

"पोचत नाही," मी सांगते.

ड्रायव्हर घड्याळाकडे बघतो, मग माझ्या ताणलेल्या हाताकडे. फोन काढतो. "हॅलो, शेणव्याला यायला अर्धा तास उशीर होईल गं. बाकीच्यांना सांग. नाही, गाडी बिघडली नाही. मागे बटण बसवतोय. आल्यावर दाखवतो सगळ्यांना, कसं दाबायचं ते."

काका तोवर मागच्या खांबाचं प्लॅस्टिक पट्टीनं उचकू लागलेत. पाऊस अंगावर येतोय म्हणून गाडी पुन्हा पत्र्याखाली ढकलतात.

"पोऱ्या, आणखी एक बटण काढ. आणि वायर सहा मीटर काप, सलग. मधे जोड नकोय."