बोटभर गाडीमागचं मोठं काम: छोट्या वर्कशॉपमध्ये मॉडेल कार कशी बनते?

ईदीचे पैसे हातात आले की मुलं आधी खेळण्यातल्या गाड्यांकडे धावतात. दोन दिवसांत चाक निघतं आणि गाडी पलंगाखाली जाते. पण याच आकाराच्या काही गाड्या मोठी माणसं काचेच्या कपाटात ठेवायला विकत घेतात. अशा एका मॉडेलचे थोडेच नग निघतात आणि बनवणारेही दोन-चार जणच असतात. हे काम चालतं कसं, आणि पुण्यातल्या आपल्या घरांशी त्याचा संबंध काय, ते समजून घेऊ.

खरा फरक साच्याचा

कारखान्यातली गाडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. वितळलेला धातू पोलादी डायमध्ये दाबाने भरतात. डाय फार महाग, पण तिच्यातून हजारो नग निघतात. शंभर-दोनशे गाड्यांसाठी हा खर्च परवडत नाही.

छोटं वर्कशॉप वेगळी वाट धरतं. खऱ्या गाडीची मापं आणि फोटो घेऊन आधी एकच नमुना घडवतात, हाताने किंवा आता थ्रीडी प्रिंटरवर. याला म्हणतात मास्टर. त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा घेतात आणि त्या साच्यात रेझिन भरतात. काही डझन नग निघाले की रबर फाटायला लागतं. मग त्याच मास्टरवरून नवा साचा. पुढे घासणं, प्रायमर, रंग, काचा, चाकं, सगळं हातानेच. म्हणजे इथे भांडवल कमी लागतं, हात मात्र पक्का लागतो.

४३ हा आकडा आला कुठून?

जमवणाऱ्यांचं आवडतं माप १:४३. ते रेल्वेतून आलं. इंग्लंडमध्ये 'ओ' गेजच्या मॉडेल रेल्वेत खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर धरत. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३० च्या दशकात अशा रेल्वेशेजारी ठेवायला छोट्या गाड्या काढल्या. त्याच पुढे 'डिंकी टॉइज' म्हणून गाजल्या. त्यांचे काही जुने साचे नंतर कलकत्त्याला आले आणि त्यातून 'निकी' नावाच्या गाड्या निघाल्या.

'ओ'च्या निम्मं माप म्हणजे १:८७. ते पाहायचं तर कोथरूडला जा. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम तिथे १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. गाड्यांसोबत रस्ते आणि इमारतीही त्याच मापात आहेत.

छंदाचा व्यवसायही होतो. कॅनडातल्या ब्रुकलिन गावी जॉन हॉल यांनी १९७४ मध्ये अशाच थोड्या नगांपासून सुरुवात केली. गावाचंच नाव कंपनीला दिलं, आणि पुढे ती इंग्लंडच्या बाथ शहरात गेली.

आपल्याकडे काय आहे?

आपल्या समाजातली कितीतरी घरं गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग आणि टर्नर-फिटरच्या कामावर चालतात. पत्र्याचा बाक डोळ्याने ओळखणं, पुटीचा हात सफाईने मारणं, रंग न ओघळू देणं, हेच कसब इथे लहान आकारात लागतं. मुलगा किंवा मुलगी तासन् तास गाड्या घडवत बसत असेल, तर 'टाइमपास बंद कर' म्हणण्याआधी काम नीट बघा. मॉडेल विकलं नाही तरी मापाची ही सवय आयटीआयच्या मशिनिस्ट किंवा टूल अँड डाय मेकर ट्रेडमध्ये उपयोगी पडते.

विकायचं ठरवलं, तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. कंपनीचं नाव, लोगो वापरायला तिची परवानगी लागते. दुसऱ्याच्या मॉडेलवरून साचा घेऊन विकणं म्हणजे त्याच्या मेहनतीची चोरी. आणि १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. म्हणून शोभेचं मॉडेल खेळणं म्हणून विकू नका. रेझिनचं काम उघड्या हवेत, मास्क-हातमोजे घालूनच करायचं.

सुरुवातीला टेपच पुरे. दारातली रिक्षा मोजा, प्रत्येक मापाला ४३ ने भागा आणि कागदावर काढा. जेमतेम सहा सेंटिमीटरची रिक्षा होईल. तिच्यावर एक मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या रिक्षावर ४३ मिलिमीटरची. मुलांना हा हिशोब कळला की निम्मं काम शिकून झालं.