कीबोर्ड आणि पेटीवाल्याचा डावा हात

चतुर्थीचे वेध लागले की गोमंतकातील वाड्यावाड्यांतून भजनाच्या तालमी सुरू होतात, यात नवे काही नाही. नवे आहे ते असे की, त्या तालमीला बसणारा एखादा तरुण घरी परतल्यावर खोलीचे दार लावून घेतो आणि संगणकापुढे बसून तेच भजन, किंवा स्वतः चाल लावलेले एखादे पद, ध्वनिमुद्रित करू लागतो. एके काळी यासाठी मुंबईची वाट धरावी लागे किंवा शहरातील स्टुडिओत तासाच्या हिशेबाने पैसे मोजावे लागत. आता हे काम घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत होऊ शकते, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु या मार्गावरची पहिलीच मोठी खरेदी, म्हणजे कीबोर्डची, पुष्कळदा फसते. हप्त्याने घेतलेले वाद्य दोन-चार महिन्यांत कपाटावर जाऊन पडते आणि हप्ते तेवढे चालू राहतात. घरातील वडीलधाऱ्यांचा मुलाच्या गाण्यावरचा विश्वासही त्याबरोबर उडतो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

खरेदी फसते, कारण ग्राहक दुकानात जाऊन कानाने खरेदी करतो आणि विक्रेताही त्याला तसेच करू देतो. या बटणावर सनई आहे, त्या बटणावर सतार आहे, एकूण आवाज इतके शेकडा आणि ताल इतके शेकडा, अशी मोजदाद सुरू होते व जिथे आकडा मोठा तिथे हात खिशाकडे जातो. मंडपात किंवा देवळाच्या चौकात वाजवायचे असेल तर हा हिशेब अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. पण ध्वनिमुद्रणासाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. कारण तेथे कीबोर्डातला आवाज बहुधा घेतलाच जात नाही. आवाज संगणक देतो. कीबोर्डाने फक्त सांगायचे असते की, अमुक पट्टी अमुक क्षणी इतक्या जोराने दाबली आणि अमुक क्षणी सोडली.

ही सांगण्याची भाषा म्हणजे मिडी. १९८३ साली ती रूढ झाली. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी या दोघांच्या पुढाकाराने प्रतिस्पर्धी वाद्यनिर्मात्यांनी एकच परिभाषा मान्य केली आणि तिच्या वापरावर कसलेही स्वामित्वशुल्क ठेवले नाही. या कामगिरीबद्दल २०१३ साली दोघांना तांत्रिक विभागातील ग्रॅमी सन्मान मिळाला. आज काकेहाशी नाहीत, स्मिथही २०२२ साली निवर्तले. त्यांची भाषा मात्र प्रत्येक स्वस्त-महाग कीबोर्डात बोलते आहे. पट्टी दाबण्याच्या जोराच्या तिच्यात १२८ पायऱ्या आहेत आणि एका तारेवरून एकाच वेळी सोळा निरनिराळ्या वाद्यांचे निरोप जाऊ शकतात. ही एक प्रकारची स्वरलिपीच आहे, असे समजावे. वाजवताना एखादा सूर चुकला तर तेवढाच खोडून दुरुस्त करता येतो. संपूर्ण पद पुन्हा वाजवावे लागत नाही.

याचा पहिला व्यावहारिक निष्कर्ष पुष्कळांना आवडणार नाही. तो असा की, कदाचित काहीच विकत घ्यावे लागणार नाही. आपल्याकडे कीबोर्डाला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात, मग तो यामाहाचा का असेना. असा एखादा 'कॅसिओ' अनेक घरांत धूळ खात असतो. त्याच्या पाठीमागे पाहावे. तिथे संगणकाला जोडण्याची यूएसबी खाच किंवा पाच छिद्रांचे जुने गोल मिडी तोंड असेल, आणि पट्टी हळू वा जोराने दाबल्यावर आवाजात फरक पडत असेल, तर ध्वनिमुद्रणासाठी लागणारे यंत्र घरातच आहे. थोडक्या पैशांची केबल तेवढी आणावी. स्वस्त वाद्याला नाक मुरडणाऱ्यांसाठी एक उदाहरण देण्यासारखे आहे. १९८१ च्या सुमारास कॅसिओने एमटी-४० नावाचा लहानसा घरगुती कीबोर्ड काढला होता. त्यातील एक तयार ताल हिरोको ओकुदा या तरुण जपानी महिलेने रचलेला होता. १९८५ साली जमैकातील गायक-वादकांनी तोच ताल उचलून 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणे केले आणि त्या एका गाण्याने त्या बेटाचे संगीत वाद्यवृंदाकडून यंत्राकडे वळले. तेथे यंत्र किमती नव्हते. ते वापरणारा कान तयार होता.

आता ज्यांना नवे घ्यायचेच आहे त्यांच्याविषयी. पाश्चात्त्य पुस्तकांतून आणि जाहिरातींतून जो सल्ला मिळतो तो पियानो वाजवणाऱ्याला उद्देशून असतो. आपल्याकडील बहुसंख्य हात पियानोवर नव्हे, पेटीवर बसलेले आहेत. बोरीचे पं. तुळशीदास बोरकर काय किंवा बेळगावचे पं. रामभाऊ विजापुरे काय, ज्यांनी या प्रदेशात पेटीला प्रतिष्ठा दिली आणि पुढच्या पिढ्या शिकवल्या, त्यांची परंपरा खेड्यापाड्यांतील भजनी पेटीवाल्यापर्यंत झिरपली आहे. हा हात आणि पियानोचा हात यांत मूलभूत भेद आहे. पियानोवर आवाजाचा लहान-मोठेपणा बोटाच्या आघातावर ठरतो. पेटीवर बोट कितीही जोराने आपटले तरी सूर तेवढाच लागतो. त्याला फुगवणारा, ओसरवणारा, गायकाच्या श्वासाबरोबर थांबणारा असतो तो भाता, आणि भाता असतो डाव्या हातात. आपण उजव्या हाताच्या बोटांचे कौतुक करतो, परंतु साथ गोड लागते ती डाव्या हातामुळे, हे कोणताही जाणता गवई सांगेल.

आणि नेमका हा डावा हातच कीबोर्डावर बेकार होतो. पेटीवाला कीबोर्डापुढे बसला की त्याची साथ एकाएकी हिसकेदार वाटू लागते याचे कारण हेच. त्याच्या बोटांना आघात सारखा ठेवण्याची सवयच नाही, कारण पेटीने ती कधी मागितली नाही. उलट कीबोर्ड प्रत्येक आघाताचा हिशेब ठेवतो. दोष वादकाचा नसतो. यावर उपाय आहे आणि तो स्वस्त कीबोर्डातही मिळतो. पहिला उपाय म्हणजे आघाताची दखल घेणे बंद करून प्रत्येक पट्टीचा जोर स्थिर ठेवणे. तशी सोय बहुतेक यंत्रांत किंवा संगणकाच्या आज्ञावलीत असते. दुसरा, आणि अधिक महत्त्वाचा, म्हणजे डाव्या हाताला पुन्हा भाता देणे. कीबोर्डाच्या डाव्या कडेला दोन चाके असतात. एक सूर वर-खाली वाकवते आणि सोडताच मध्यावर परत येते. दुसरे, ज्याला मॉड्युलेशनचे चाक म्हणतात, ते जिथे ठेवाल तिथेच राहते. हे दुसरे चाक मिडीच्या अकराव्या क्रमांकाच्या नियंत्रकाला, म्हणजे 'एक्स्प्रेशन'ला, जोडून दिले की चाक पुढे नेताच आवाज भरतो व मागे घेताच ओसरतो. संगणकातील पेटीचा निर्जीव, एकसुरी आवाज तेवढ्याने श्वास घेऊ लागतो. पेटी वाजवणाऱ्याला हे अंगवळणी पडायला आठवडाही लागू नये.

म्हणून आमचा आग्रह असा की, आवाजांची संख्या विचारण्याआधी चाके पाहावीत. अतिलहान, पिशवीत मावणाऱ्या पंचवीस पट्ट्यांच्या कीबोर्डांत चाकांऐवजी बहुधा एखादी छोटी कांडी किंवा बोट फिरवायची पट्टी असते. कांडी सोडली की उडी मारून मध्यावर येते. तिचा भाता होत नाही. शिवाय त्यांच्या पट्ट्या अरुंद असतात. पूर्ण आकाराच्या कीबोर्डावर एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटरचे असते व बोटांची पल्लेदारी त्याच मापाने घडलेली असते. लहान पट्ट्यांवर सरावलेला हात पेटीवर गेला की घसरतो.

पट्ट्या किती असाव्यात याचेही उत्तर पेटीच देते. आपली पेटी सामान्यतः सवातीन ते साडेतीन सप्तकांची असते. तेव्हा एकोणपन्नास पट्ट्यांचा, म्हणजे चार सप्तकांचा, कीबोर्ड आपल्या हाताला पुरून उरतो. दोन्ही हातांनी पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरमेळ वाजवणाऱ्याने एकसष्ट घ्यावेत. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा जड कीबोर्ड पियानो शिकणाऱ्यासाठी आहे; भजन-नाट्यगीत करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. एम-ऑडिओची कीस्टेशन मालिका, नेक्टरची इम्पॅक्ट, नोव्हेशनच्या लाँचकीतील मोठे नमुने ही स्वतःचा आवाज नसलेल्या, केवळ संगणक चालवणाऱ्या कीबोर्डांची उदाहरणे. पाच आकडी रक्कम जिथे नुकती सुरू होते त्या आसपास यांतील साधे नमुने मिळतात. मात्र संगणक बंद असताना हे यंत्र मुके असते, हे लक्षात ठेवावे. ज्याला तेच वाद्य एकादशीला देवळातही न्यायचे आहे त्याने आवाज व ध्वनिक्षेपक असलेला कीबोर्ड घ्यावा. यामाहा आणि कॅसिओ या दोघांनीही तबला, तानपुरा इत्यादी आवाज घालून खास भारतासाठी नमुने काढले आहेत. अशा कीबोर्डांवर चाके आहेत की नाहीत हे मात्र प्रत्येक नमुन्यागणिक तपासावे. पुष्कळांवर एकच असते, काहींवर एकही नसते. चाक नसेल तर पायाने दाबायच्या एक्स्प्रेशन पेडलची जोडणी आहे का ते विचारावे.

पट्टीच्या वाद्यावरचा जुना आक्षेप येथे उपस्थित होणारच. बारा ठोकळ सुरांत आपले संगीत बसत नाही, मींड निघत नाही, या कारणास्तव १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले होते. ते उघडायला १९७० चे दशक उजाडावे लागले. आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हता. पेटीचा आणि कीबोर्डाचा शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा चौदा सेंटनी चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. तानपुऱ्याच्या झंकारात जो गांधार आपोआप ऐकू येतो त्याच्याशी हा गांधार भांडतो, आणि तयार कानाला ते भांडण ऐकू येते. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली ती याच अडचणीपोटी. संगणकावर मात्र हे काम फुकट होते. आवाज देणाऱ्या कित्येक आज्ञावलींत प्रत्येक स्वर हवा तितका उतरवता येतो. फक्त षड्ज पांढरी एकवरून काळी एकवर नेला की ही दुरुस्तीही त्याच्याबरोबर हलवावी लागते, हे विसरू नये. मींडेचे म्हणाल तर सूर वाकवणारे चाक मुळात दोन अर्ध्या स्वरांपुरतेच वळते. षड्जावरून गांधारापर्यंत जायचे तर ती मर्यादा चारवर न्यावी लागते. तानपुरा मिडीच्या वेगळ्या वाहिनीवर ठेवावा, नाहीतर मींडेबरोबर तोही वाकतो आणि मोठी गंमत होते.

एवढे करूनही मूळ पेटी आणि ती वाजवणारा जाणता माणूस घरात किंवा वाड्यावर असेल, तर कीबोर्ड बाजूला ठेवून चांगल्या मायक्रोफोनने पेटीच ध्वनिमुद्रित करावी, असेच आम्ही म्हणू. आपल्या गावोगावच्या वयोवृद्ध पेटीवाल्यांची साथ गायकाच्या आवाजाखाली दबूनच आजवर ऐकली गेली. स्वतंत्रपणे ती फारशी कोणी टिपून ठेवलेली नाही, आणि तिला आता वेळ थोडा उरला आहे. याच कारणास्तव एकूण रकमेचा मोठा वाटा मायक्रोफोन व तो संगणकाला जोडणारी पेटिका यांवर खर्च व्हावा आणि कीबोर्डाच्या वाट्याला तिसरा हिस्सा यावा. श्रोता शेवटी गळा ऐकतो.

ती जोडणारी पेटिका आणखी एका कामाची आहे. पट्टी दाबणे आणि सूर ऐकू येणे यांत संगणक थोडा वेळ खातो. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे वाद्य सुमारे साडेतीन मीटर दूर ठेवून ऐकण्यासारखे, तेवढे चालते. उशीर त्याच्या तिप्पट-चौपट झाला की द्रुत लयीत हात अडखळतो आणि तरुणाला वाटते, आपली लयच कच्ची आहे. दोष कीबोर्डाचा नसतो, वादकाचाही नसतो.

दुकानदारांकडे आमची एक मागणी आहे. सीलबंद खोक्यातून ग्राहकाला कीबोर्ड देण्याऐवजी प्रत्येक नमुन्याचा एक नग मांडून ठेवावा, आणि त्याला संगणक जोडलेला असावा. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संगीत शाळांनी, तसेच ग्रामीण वाचनालयांनी, असा एक संच सामायिक वापरासाठी ठेवला तर कित्येक घरांचे हप्ते वाचतील. त्याचा खर्च एका रात्रीच्या मंडप-रोषणाईपेक्षा जास्त होणार नाही.

राहता राहिली आपल्या हवामानाची गोष्ट. कौलांवर आषाढाचा पाऊस कोसळत असताना मायक्रोफोन उघडणे अशक्य असते; कीबोर्डाला त्या पावसाशी देणेघेणे नाही, तेव्हा साथीचे काम पावसाळ्यात उरकून गळ्याचे काम उघडिपीवर ठेवावे. खारी दमट हवा मात्र पट्ट्यांखालील रबरी संपर्कांना बाधते. वाजवून झाल्यावर सुती कापड टाकावे, प्लॅस्टिक टाकू नये, कारण त्याखाली दमट हवा कोंडते. मांडणी खिडकीपासून दूर असावी. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत संगणक बॅटरीवर चालवून वाजवावे आणि विजा चमकू लागल्या की तारा काढून ठेवाव्यात.